श्वास आत घेताना की सोडताना?

आमच्या धरमपेठेत मुलांच्या दवाखान्याबाहेर ‘बाळाच्या छातीत घरघर आहे’ हे वाक्य नेहमी कानी पडते. मी डॉक्टर नाही. पण या विषयाच्या वाचनातून एक गोष्ट पटली आहे. घरघर या एका शब्दाखाली अगदी वेगळे आजार झाकले जातात.

घोड्याच्या नालेसारख्या १६ ते २० कूर्चा श्वासनलिका उघडी धरून ठेवतात. मागची भिंत तेवढी मऊ. काही बाळांत ही नळी जन्मतःच लेचीपेची असते. रडताना, खोकताना, जोराने श्वास सोडताना छातीतला दाब वाढतो आणि ती चपटी होते. आवाज श्वास सोडताना येतो, खोकला भुंकल्यासारखा. तो दमा समजला जातो. दम्यात नळ्यांचे स्नायू आवळतात आणि औषध ते सैल करते. इथे भिंतच सैल! त्यामुळे तेच औषध कधी त्रास वाढवते.

स्वरयंत्राचा वरचा भाग मऊ असेल, तर आवाज श्वास आत घेताना येतो. उताणे निजवल्यावर वा दूध पिताना वाढतो. बहुतेक बाळांत तो दीड-दोन वर्षांत आपोआप जातो. मात्र वजन वाढत नसेल, बाळ निळे पडत असेल, तर वाट पाहू नये.

निदान दुर्बिणीने होते. जर्मनीच्या किलियन यांनी १८९७ मध्ये ताठ नळीतून श्वासमार्ग पाहिला. जपानच्या इकेदांनी १९६६ मध्ये लवचीक दुर्बीण आणली. तपासताना मूल स्वतः श्वास घेत असावे लागते. दाबाने हवा भरली, तर मिटणारी नळीही उघडी दिसते.

सौम्य आजारात धीर हेच औषध. गंभीर असेल, तर मुखवट्यातून दाबाने हवा देतात, किंवा महाधमनी पुढे छातीच्या हाडाशी टाचून नळीवरचा भार काढतात. २०१२ मध्ये मिशिगन विद्यापीठात ग्रीन आणि हॉलिस्टर यांनी एका तान्ह्या बाळाच्या मिटणाऱ्या श्वासनळीला त्रिमितीय छपाईने घडवलेला, पुढे शरीरात विरघळणारा आधार बसवला.

आणि आपल्याच विदर्भात, मेळघाटात, धाप लागलेल्या तान्ह्याच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके दिल्याची बातमी २०२५ मध्येही वाचावी लागली. शहरातला चुकीचा पंप आणि तो विळा यांत क्रौर्याचे अंतर मोठे आहे. पण दोन्हीकडे श्वास नीट ऐकायचा राहून जातो. आईने मोबाइलवर टिपलेला अर्ध्या मिनिटाचा श्वास डॉक्टरांना पुष्कळ सांगून जातो. तो जरूर दाखवावा.