अंगभूत व्यवस्थापन असलेले एकात्मिक हार्डवेअर मंच : उपकरण-उत्पादक आणि अध्यापन

केंद्र शासनाच्या २०१२ च्या इलेक्ट्रॉनिक उत्पादन समूह योजनेखाली पेडणे तालुक्यातील तुये येथे असा समूह उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. डिचोलीतही औद्योगिक वसाहत आहे. अशा ठिकाणी दूरसंचार वा नियंत्रण उपकरणे बनवू पाहणाऱ्या लहान उत्पादकापुढे पहिला प्रश्न असतो : सर्व हार्डवेअर स्वतः घडवावे, की तयार मंच घेऊन त्यावर आपले वेगळेपण उभारावे?

तयार मंच म्हणजे पेटी, वीजपुरवठा, पंखे, प्रोसेसर-बोर्ड आणि त्यांना जोडणारा मागील फलक यांचा जुळवून तपासलेला संच. उत्पादक त्यात आपले सॉफ्टवेअर व खास कार्ड घालतो. ‘पिकमग’ या उद्योगसंघटनेचे २००२ च्या अखेरचे ‘अ‍ॅडव्हान्स्ड टीसीए’ मानक हे याचे ठळक उदाहरण होय. बोर्डाचा आकार, उणे ४८ व्होल्टचा पुरवठा व जोडण्या त्यात ठरवून दिल्या असल्याने निरनिराळ्या कंपन्यांचे बोर्ड एकाच पेटीत बसवता येतात.

अशा मंचाचे मर्म त्याच्या व्यवस्थापनात आहे. प्रत्येक बोर्डावर एक छोटा स्वतंत्र नियंत्रक असतो. मुख्य प्रोसेसर ठप्प झाला तरी तो तापमान व व्होल्टेज मोजून पेटीच्या व्यवस्थापकाला कळवतो. व्यवस्थापक पंख्यांचा वेग वाढवतो किंवा बोर्डाची वीज तोडतो. बोर्डाची मूठ उघडताच निळा दिवा लुकलुकतो आणि तो स्थिर झाल्यावर, बाकी यंत्रणा चालू असतानाच, बोर्ड काढता येतो. या संवादाचा पाया म्हणजे इंटेल, डेल, ह्यूलेट-पॅकार्ड व एनईसी यांनी १९९८ मध्ये मांडलेले ‘आयपीएमआय’ मानक. २०१५ मध्ये ‘रेडफिश’ हे नवे मानक आले.

भर पावसात आडगावच्या केंद्रातील यंत्र अडले, तर अभियंता दुरूनच दोष ओळखून ते पुन्हा सुरू करू शकतो. मात्र हीच सोय धोक्याचीही आहे. ‘आयपीएमआय’च्या दुसऱ्या आवृत्तीत पासवर्डचा सांकेतिक ठसा बाहेरच्याला मिळवता येतो, हा दोष २०१३ मध्ये नोंदला गेला. म्हणून व्यवस्थापनाचे जाळे वेगळे ठेवणे व मूळ पासवर्ड बदलणे आवश्यक ठरते.

हे शिकवण्यास महागडा मंच लागत नाही. असा नियंत्रक असलेला जुना सर्व्हर व ‘आयपीएमआयटूल’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. केवळ जुळणी करणारा कामगार आणि दोष शोधू शकणारा तंत्रज्ञ यांतील अंतर अशाच प्रात्यक्षिकांनी कमी होते. मयेच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थांत शिकणाऱ्यांच्या रोजगाराचा प्रश्न याच अंतराशी निगडित आहे.