शिव्यांची लाखोली, शब्दांची सरबत्ती

नागपूरजवळच्या कन्हानच्या बाजारात वजनात मार बसलेली बाई एकदा सुरू झाली, की ऐकत राहावं. "काऊन गा भाऊ, पाव किलो वांगे असे असते का?" इथून ती मागच्या आठवड्याच्या सडक्या टमाट्यांवर येते, मग काट्यावर, मग भाऊच्या नियतीवर. मध्ये श्वासही घेत नाही.

या प्रकाराला मराठीत नाव काय? एक नाही, ढीगभर! आणि दोन नावं सारखी नाहीत. साहेब खरडपट्टी काढतो. आजी नातवाची कानउघाडणी करते, कारण तिच्या रागात माया असते. चारचौघांत अब्रू गेली, तर तो पाणउतारा. कोण वर, कोण खाली, बघणारे किती, हे सगळं त्या एका शब्दात आधीच सांगून झालेलं!

आता लाखोली घ्या. देवाला लाखभर फुलं किंवा बेलाची पानं वाहायची, एकेक मोजून, न थकता. नेमका हा भक्तीचा शब्द मराठी माणसानं शिव्यांना लावला. शिवाय क्रियापदही पूजेचंच ठेवलं: शिव्यांची लाखोली वाहतात! रागावलेल्या माणसाची चिकाटी भक्ताइतकीच असते, हे कुणाच्या लक्षात आलं असेल?

बाकीची नावं कुठली? भडिमार रणांगणावरचा, सरबत्ती बंदुकांच्या फैरीची. आगपाखड मात्र थेट घरातली. सुपात धान्य पाखडतात, तशी इथे आग पाखडली जाते.

गंमत बघा, अशा लांबलचक भडिमाराला इंग्रजीत म्हणतात तो 'टायरेड' फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ इटालियन. तिथे ओढण्याचं जे क्रियापद, तेच गोळी झाडण्याचंही. म्हणजे तिकडेही राग बंदुकीतूनच सुटला! 'फिलिपिक' तर त्याहून भारी. मॅसिडोनियाचा राजा फिलिप याच्याविरुद्ध इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्समध्ये डेमॉस्थेनिस कडाडला आणि राजाचं नावच अशा भाषणाला चिकटलं. पुढे रोममध्ये सिसेरोनं मार्क अँटनीवर अशी चौदा भाषणं रचली. इसवी सनापूर्वी ४३ मध्ये त्याची किंमत त्यानं जिवानं मोजली.

चिनी माणूस रस्त्यावर उभं राहून मोठमोठ्यानं शिव्या देण्याला 'रस्त्याला शिव्या देणं' म्हणतो. शिवी देण्याचं आजचं चिनी अक्षर तर बघाच: वर दोन तोंडं, खाली घोडा! घोडा फक्त उच्चारासाठी, पण तोंडं दोन हवीतच, एकानं भागत नाही.

आणि आपल्याकडे तर रागाची मिरवणूकच निघते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी मारबत आणि पिवळी मारबत अशा दोन पुतळ्यांची मिरवणूक निघते. ही प्रथा एकोणिसाव्या शतकापासूनची. रोगराई, महागाई, भ्रष्टाचार, सगळ्यांना नाव घेऊन ओरडून ओरडून सांगायचं, की मारबतीबरोबर चालते व्हा. सोबतीला बडगे असतात, दरवर्षी नव्या रागाचे नवे पुतळे. कुणावर राग काढायचा ते त्या वर्षीचा माणूस ठरवतो, म्हणून बडग्यांवर लिहिलेलं वाचलं की त्या साली नागपूरकरांना काय काय सोसलं नाही, ते कळतं.