दिवसा विरणाऱ्या, रात्री दूर जाणाऱ्या लहरी

मध्यम लहरींवरची दूरची केंद्रे कडेगावात दिवसा लागत नाहीत आणि दिवेलागणीनंतर ऐकू येऊ लागतात, याचे कारण वातावरणाच्या वरच्या भागात आहे. सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे तेथील विरळ हवेतून इलेक्ट्रॉन सुटे होतात. सुमारे ६० किलोमीटर उंचीपासून वर पसरलेल्या या विद्युतभारित पट्ट्याला आयनांबर म्हणतात. त्याच्या ६० ते ९० किलोमीटर उंचीवरील 'डी' थरात हवा तुलनेने दाट असल्याने लहरीसोबत आंदोलन पावणारे इलेक्ट्रॉन रेणूंवर आदळतात आणि लहरीची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते.

म्हणूनच सुमारे ५५ किलोमीटरवरील आकाशवाणीच्या सांगली केंद्राची १२५१ किलोहर्ट्झची, म्हणजे २४० मीटर लांबीची, लहर दिवसा कडेगावला पोचते ती जमिनीलगत वाकत जाणारी भूलहर म्हणून. सूर्यास्तानंतर 'डी' थरातील इलेक्ट्रॉन आयनांशी पुन्हा जोडले जाऊन तो जवळजवळ नाहीसा होतो. वरचे 'ई' व 'एफ' थर मात्र टिकून राहतात आणि आकाशाकडे गेलेली लहर वाकवून शेकडो किलोमीटर दूर जमिनीवर परत पाठवतात.

लघुलहरींची कंप्रता अधिक असल्याने 'डी' थरात त्यांचे शोषण कमी होते. पुण्याजवळ खडकी येथे प्रक्षेपण आणि दौंड येथे ग्रहण, अशी इंग्लंडशी बिनतारी तारसेवा १९२७ मध्ये सुरू झाली ती याच गुणामुळे. एका उडीत लहर फार तर ४,००० किलोमीटर जाते, त्यामुळे सुमारे ७,००० किलोमीटरचा हा पल्ला आयनांबर व पृथ्वी यांच्यामध्ये निदान दोन उड्या घेऊनच गाठावा लागे. एफएमच्या लहरी याहून उच्च कंप्रतेच्या असल्याने एरवी आयनांबर भेदून अवकाशात निघून जातात. त्यांचा आवाका जवळपास दृष्टिरेषेपुरताच असतो आणि सागरेश्वरसारख्या डोंगररांगाही त्यांना आड येतात.

लहरींना अडवणारा 'डी' थर संशोधकांना मात्र उपयोगी पडतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे १९८० किलोहर्ट्झवर चालणारे रडार आहे. 'डी' थरातील इलेक्ट्रॉनांच्या विषम घनतेवरून अंशतः परतलेल्या क्षीण लहरी टिपून, ज्या उंचीवर फुगा वा विमान पोचत नाही, तेथील वाऱ्यांचा वेग व दिशा ते मोजते.