एक ठसा, वस्तीभर चित्रे

जवस म्हटले की आपल्या वर्धा जिल्ह्यातील घरात आधी चटणी आठवते. पण या जवसाच्या तेलापासून चित्र छापण्याचा ठसाही तयार होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जवसाचे तेल, बुचाचा भुगा आणि पाठीला तागाचे कापड, असे मिळून लिनोलियम बनते. इंग्लंडच्या फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६० च्या दशकात ते फरशीवर अंथरण्यासाठी काढले. पुढे चित्रकारांच्या लक्षात आले की लाकडाप्रमाणे याला रेषे नसतात आणि ते हवे तसे कोरता येते. या ठशावरून छापलेले चित्र म्हणजे लिनोकट.

आपल्या घरांत भिंतीवरची चित्रे बहुधा विकत आणलेली असतात. चित्र काढणे हे पैसेवाल्यांचे किंवा शिकलेल्या कलावंतांचे काम, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. आम्हाला ती मान्य नाही. चित्तप्रसाद या थोर चित्रकाराकडे पाहा. १९४६ पासून ते मुंबईत अंधेरीला राहिले. कष्टकरी माणसे आणि राबणारी मुले यांची चित्रे त्यांनी लिनोवर कोरली. लिनो स्वस्त, आणि एका ठशावरून पुष्कळ प्रती निघतात. त्यांचे आडनाव भट्टाचार्य होते, पण जातिव्यवस्था नाकारायची म्हणून त्यांनी ते टाकून दिले.

चित्राच्या प्रती काढून वाटणे ही बौद्धांची फार जुनी रीत आहे. चीनमधील दुनहुआंगच्या गुंफेत वज्रच्छेदिका सूत्राची लाकडी ठशांनी छापलेली गुंडाळी सापडली. तिच्यावर इ. स. ८६८ ची तारीख आहे आणि सुरुवातीलाच तथागतांच्या उपदेशाचे चित्र आहे. आईवडिलांच्या नावे, सर्वांना मोफत वाटण्यासाठी ती छापल्याची नोंद शेवटी आहे. तेव्हा यंदा वैशाख पौर्णिमेची शुभेच्छापत्रे घरीच करून पाहावीत.

साहित्य : लिनोचा तुकडा, कोरण्याच्या लहान पटाशा, रबरी रूळ, काचेचा तुकडा, छपाईची काळी शाई, जाडसर कागद, फेविकॉल, सोनेरी वर्ख, मऊ ब्रश आणि कापूस. लिनो व पटाशा नागपूरसारख्या शहरात चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात मिळतात. फरशीवर टाकायचे प्लॅस्टिक लिनोलियम म्हणून विकतात, ते घेऊ नये. खऱ्या लिनोला तेलाचा वास येतो आणि मागे ताग दिसतो. हातकागद मिळाल्यास उत्तम. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३० च्या दशकात हातकागदाचे काम होत असे.

कृती : पहिल्या खेपेस पिंपळपान आणि पूर्ण चंद्र एवढेच चित्र घ्यावे. जे कोरून काढाल ते पांढरे राहील, जे ठेवाल ते काळे उठेल. चंद्राचा तीन सेंटिमीटरचा गोल पूर्ण कोरून टाकावा. चित्र उलटे उमटते, म्हणून 'जय भीम' ही अक्षरे पारदर्शक कागदावर लिहून कागद पालथा घालून उतरवावीत. लिनो थोडा वेळ उन्हात ठेवला की मऊ होतो. पटाशी नेहमी आपल्यापासून दूर ढकलावी आणि दुसरा हात पात्याच्या मागे ठेवावा. मुले कोरत असतील तर मोठ्यांनी शेजारी बसावे.

काचेवर रुळाने शाई पातळ पसरवून ठशाला लावावी. वर कागद ठेवून वाटीच्या बुडाने किंवा चमच्याच्या पाठीने सर्वत्र घासावे. प्रती दोरीवर चिमट्यांनी वाळत घालाव्यात. तेलाच्या शाईला वाळायला काही दिवस लागतात. घाई करू नये, कारण ओल्या शाईला वर्ख चिकटतो.

आता सोने. खरे सोने फार पातळ ठोकले जाते. एका ग्रॅमचा साधारण अर्धा चौरस मीटर वर्ख होतो. तो काळा पडत नाही, पण महाग असतो. सरावाला पितळेचा वर्ख पुरतो. त्याचे १४ सेंटिमीटरचे पान मधल्या कागदासकट कात्रीने कापले, तर साडेतीन सेंटिमीटरचे १६ तुकडे निघतात, म्हणजे एका पानात १६ चंद्र. हा वर्ख मिठाईवरचा नव्हे. तो खाण्याजोगा नसतो, मुलांना तसे बजावून सांगावे.

फेविकॉलमध्ये थोडे पाणी घालून चंद्राच्या पांढऱ्या गोलात ब्रशने लावावे. पांढरेपणा जाऊन ते पारदर्शक व चिकट झाले की वर्ख ठेवायचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते लवकर वाळते, म्हणून एका वेळी दोनतीनच पत्रे घ्यावीत. पंखा आणि कूलर बंद ठेवावेत, नाहीतर वर्ख घरभर उडेल. कापसाने हलके दाबावे, तासाभराने कडेचा वर्ख ब्रशने झाडावा आणि कण डबीत जपावेत. दुसऱ्या दिवशी चंद्रावर पारदर्शक वार्निशचा पातळ हात द्यावा, म्हणजे पितळ काळवंडणार नाही.

सोने चंद्रापुरतेच ठेवावे. सगळीकडे लावले तर चित्र हरवते आणि खिसाही रिकामा होतो. पत्रे विकायची झाल्यास वर्ख पितळेचा आहे हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे. जे आहे तेच सांगून विकण्यात आपली इभ्रत आहे.

शेवटी प्रत्येक प्रतीखाली शिसपेन्सिलीने प्रतीचा क्रमांक आणि कोरणाऱ्याचे नाव लिहावे. पहिले चित्र आईने किंवा लेकीने कोरले असेल, तर तिचेच नाव यावे. आडनाव लिहिलेच पाहिजे असे नाही, चित्तप्रसादांचे त्यावाचून अडले नाही. एक प्रत विहारात लावावी, एक आपल्या घरी आणि बाकीच्या शेजारीपाजारी वाटाव्यात. लिनोचा ठसा पुसून सपाट ठेवला तर पुढच्या पौर्णिमेलाही तोच कामी येईल.