प्रांजळपणा

मनातील आशय व वाणी यांत अंतर न ठेवता, तसेच ऐकणाऱ्याच्या हिताशी निगडित असे काही हेतुतः न दडविता बोलण्याची व वागण्याची वृत्ती. ‘सरळ’ या अर्थाच्या ‘प्रांजल’ या संस्कृत शब्दावरून ही संज्ञा आली आहे. सत्यवचनाशी तिचा निकटचा संबंध असला, तरी दोन्ही एक नव्हेत. एकही शब्द खोटा न उच्चारता, केवळ गप्प राहूनही दुसऱ्यास फसविता येते. मनाला येईल ते बोलून टाकणाऱ्या फटकळपणालाही पुष्कळदा प्रांजळपणा म्हटले जाते. पण त्यात ऐकणाऱ्याचा विचार क्वचितच असतो.

ॲरिस्टॉटलने स्वतःविषयीचा खरेपणा हा फुशारकी आणि स्वतःला मुद्दाम उणे लेखणे यांमधील मध्यम मार्ग मानला. इमॅन्युएल कांटने १७९७ मधील निबंधात परोपकारासाठीही असत्य वर्ज्य ठरविले. मात्र मनातले सर्वच बोलले पाहिजे, असे त्याचे मत नव्हते. मग मौन कोठवर निर्दोष मानावे?

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या सतराव्या कलमातील उदाहरणे या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. घोड्यात दोष आहे हे ठाऊक असूनही मालकाने लिलावात त्याविषयी काही न बोलता तो विकला, तर ती फसवणूक ठरत नाही. परंतु घेणारी व्यक्ती ही त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर तो दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. घोडा तोच आणि मौनही तेच. बदलते ते केवळ नाते. ‘आपण नाही म्हटले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन’, असे ग्राहकाने म्हटल्यावर मालक गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासमान मानले जाते.

विम्याच्या करारात हे बंधन अधिक कडक असते. कारण जोखमीची माहिती बहुधा विमा उतरविणाऱ्यापाशीच असते. सुमात्रातील मार्लबरो किल्ल्याचा गव्हर्नर कार्टर याने किल्ला शत्रूच्या हाती पडण्याच्या शक्यतेविरुद्ध विमा उतरविला होता. १७६० मध्ये फ्रेंचांनी तो घेतला, तेव्हा किल्ल्याची दुर्बलता आपल्यापासून लपविली गेली, अशी विमेदाराने तक्रार केली. इंग्लंडचे सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७६६ मध्ये प्रांजळपणाचे बंधन उभय पक्षांवर असल्याचे सांगितले, तरीही निकाल कार्टरच्या बाजूने दिला. अशा किल्ल्याची स्थिती विमेदारास ठाऊक असावयास हवी होती. विचारपूस न करता हप्ता घेऊन, नुकसान झाल्यावर मात्र माहिती दडविल्याची सबब सांगणे त्यांना मान्य नव्हते.