कळवणचा खडक, समुद्राचं पाणी

कळवण तालुक्यात विहीर खणताना मुरूम संपला की अनेक ठिकाणी मांजऱ्या खडक, म्हणजे बेसॉल्टचाच एक प्रकार, लागतो. त्याच्या बारीक पोकळ्यांत पांढरे खडे भरलेले असतात. त्यातला झिओलाइट नाशिक जिल्ह्यातून जगभरच्या संग्रहालयांत गेला. कॅल्साइटकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही. माझं लक्ष त्याच्याकडेच आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हातलं कॅल्शियम आणि पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड एकत्र आले की कॅल्साइट तयार होतो. वायूचा दगड करण्याची ही किमया आपल्या खडकाला ठाऊक आहे.

आइसलँडमध्ये ती मुद्दाम घडवून आणतात. हेलिशेदीच्या भूऔष्णिक केंद्राजवळ २०१२ मध्ये ‘कार्बफिक्स’ प्रकल्पाच्या शास्त्रज्ञांनी हा वायू पाण्यात विरघळवून ४०० ते ८०० मीटर खोल बेसॉल्टमध्ये सोडला. दोन वर्षांत ९५ टक्क्यांहून अधिक वायू खनिज झाला. दगड झालेला वायू पुन्हा वर येत नाही.

मग पाच लाख चौरस किलोमीटर पसरलेल्या दख्खनच्या खडकात तो का भरू नये? अडचण पाण्याची आहे. या पद्धतीत एक टन वायूला सुमारे २५ टन पाणी लागतं. नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक केंद्राची क्षमता ६३० मेगावॉट. कोळशाच्या एका युनिट विजेमागे ढोबळमानानं एक किलो वायू धरला, तर पूर्ण क्षमतेनं चालताना तासाला ६३० टन होतो. तो जिरवायला दर तासाला दीड कोटी लिटरहून अधिक पाणी हवं! उन्हाळी कांद्याच्या शेवटच्या पाळीसाठी विहिरीचा तळ गाठणाऱ्या तालुक्याकडे ते मागायचं कुठल्या तोंडानं? अमेरिकेत वालुला इथं २०१३ मध्ये सुमारे हजार टन वायू पाण्याविना, दाबाखाली दाट करून बेसॉल्टमध्ये सोडला गेला. पण आपल्याकडे बोअरचं पाणीही खडकाच्या फटींतूनच येतं, त्यामुळे धोका कुणी पत्करायचा हा प्रश्न उरतोच.

समुद्रात पाणी अमाप आहे. वायू महासागरात सोडण्याची कल्पना इटलीच्या चेझारे मार्केट्टी यांनी १९७७ मध्ये मांडली. सुमारे तीन किलोमीटर खोलीवर द्रवरूप कार्बन डायऑक्साइड समुद्राच्या पाण्याहून जड होतो आणि तळाशी बसतो. पण त्यानं पाणी आम्लधर्मी होऊन तिथलं जीवन संपतं. म्हणूनच ईशान्य अटलांटिकसाठीच्या ओस्पार करारानं २००७ मध्ये यावर बंदी घातली. समुद्रात कचरा टाकण्याविषयीच्या लंडन प्रोटोकॉलनं २००६ च्या दुरुस्तीत मुभा दिली ती फक्त तळाखालच्या खडकात साठवण्याची. मला हाच मार्ग योग्य वाटतो.

आणि आपला बेसॉल्ट किनाऱ्यावर संपत नाही. मुंबई हायच्या तेलसाठ्याखालीही तो आहे. त्याही पलीकडे, लक्ष्मी खोऱ्यात, २०१५ मध्ये ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ जहाजानं वेध घेतला. मोहिमेचे सहप्रमुख होते पीटर क्लिफ्ट आणि गोव्यातल्या संशोधन केंद्राचे धनंजय पांडे. शोध हिमालयाच्या झिजेचा आणि मोसमी पावसाच्या इतिहासाचा होता. पण साडेतीन किलोमीटर पाणी आणि हजार मीटरहून जाड गाळ ओलांडल्यावर छिद्रकाला बेसॉल्ट लागला. एवढा गाळ म्हणजे आयतं झाकण. तिथला खडक वायू कितपत शोषेल, हे खास त्यासाठीच तपासायला हवं. खर्चिक असलं तरी.

जमिनीवर प्रयोग करायचाच झाला, तर हे लक्षात हवं: कळवण अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानं इथल्या ग्रामसभांना जमीन आणि पाणी यांबाबत बोलण्याचा हक्क दिला आहे. पहिलं छिद्र पाडण्याआधी खडकाचे नकाशे आणि विहिरींच्या पातळीच्या नोंदी मराठीत त्यांच्यापुढे ठेवल्या गेल्या पाहिजेत.