बाबांची दुनळी

पाटलाच्या, इनामदाराच्या जुन्या घरात एखादी दुनळी बंदूक असतेच. घरातल्या बायकांचा तिच्याशी संबंध काय, तर वर्षातून एकदा दसऱ्याला फूल वाहणं! माझ्या बाबांना मात्र या जुन्या बंदुकांचा भारी नाद. १९७२च्या कायद्याने शिकार बंद झाली, बंदुका राहिल्या. त्यांच्याकडे तीन होत्या. त्यातली बर्मिंगहॅमची ग्रीनर आजोबांपासूनची.

तिच्या नळ्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी आहे. ती कोरलेली नाही बरं का! लोखंडाच्या नि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, तापवून, सळईभोवती वेटोळं घालून ठोकल्या की ती धातूतच उमटते. या दमास्कस नळ्या दिसायला देखण्या, पण जुन्या काळ्या दारूसाठी केलेल्या. आजचं काडतूस घातलं तर फाटू शकतात.

बारा बोअर म्हणजे काय, तेही बाबांनीच सांगितलं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढं नळीचं भोक. लाडू वळायचाच हिशेब! आणि पारख? नळ्या सुट्या करून टांगायच्या, हलकेच टिचकी मारायची. घंटेसारखा नाद आला तर जोड शाबूत. बद्द वाजलं तर डाख सुटलेला. मडकं घेताना आपण दुसरं काय करतो?

डिसेंबर २०१९मध्ये कायदा बदलला. एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका, वारशाने आलेल्या धरून. जास्तीची वर्षभरात जमा करायची. बाबांनी त्यातल्या त्यात साधी होती ती दिली. त्या दिवशी जेवले नाहीत.

ते गेले तेव्हा काका म्हणाले, ‘राहू दे कपाटात, वर्षश्राद्धानंतर बघू.’ इथेच घरं फसतात. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नाही. परवान्यावाचून बंदूक ठेवणं गुन्हा, मग ती कितीही आजोबांची असो. आईने तेराव्याची वाट न बघता पोलीस ठाण्याला कळवलं आणि दोन्ही जमा करून पावती घेतली. पावतीवर बंदुकीचा नंबर आहे ना, तेवढं बघून घ्या हं.

वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. वारस म्हणजे मुलगाच, असं नियमात कुठेही नाही. बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते. भावाने सही करता करता विचारलं, ‘तू करणार काय तिचं?’ म्हटलं, ‘तेल देणार.’

२०१६च्या शस्त्र नियमांत आणखी एक सोय आहे. परवानाधारक सत्तरीला पोचला, किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षं झाली, की हयातीतच वारसाचं नाव सुचवता येतं. बाबांना हे पक्कं ठाऊक होतं. भावाला आवड नाही म्हणून त्यांनी कुणाचंच नाव दिलं नाही. नळ्या पुसायला मात्र दर पावसाळ्यात मलाच हाक मारायचे! याचं मला अजून वाईट वाटतं. तुमच्या घरी असं नाव द्यायचं राहिलं असेल, तर विषय तुम्हीच काढा.

परवाना माझ्या नावावर झाला. ग्रीनरमध्ये मी काडतूस घालत नाही. निवडणुकीत जमा करायची नोटीस आली, तेव्हा दोन्ही घेऊन ठाण्यात गेले. तिथल्या साहेबांनी माझ्या मागे बघत विचारलं, ‘मालक आले नाहीत का?’

मी परवाना पुढे केला.